उंदीरखोलीची वही

मे महिन्यात चोपड्यात डांबर चपलेला चिकटतं,
आणि आख्ख्या कॉलेजात एकच खोली बावीस अंशांवर:
उंदरांची.
चावी माझ्याकडे. म्हणून डबा मी तिथेच खातो,
बट्टी, वरण, वरून तुपाची धार.
चोवीस पिंजरे माझ्याकडे बघतात.

त्यांच्या वाट्याला डालडा.
खाद्यात मळून, साखर घालून, गोळे वळून देतो तो मीच.
यामिनी मॅडमचा तक्ता भिंतीवर:
आठ आठवडे असं खाऊ घालायचं,
मग बियांचा अर्क. मग बघायचं.

बिया म्हणजे चिंचोके.
अडावदच्या बाजारातून पाच किलो आणले.
विकणारी म्हणाली, एवढासनं काय करशी रे भो,
घोंगडीस्ले खळ?
म्हटलं, उंदरं बारीक करायचीत.
ती अशी हसली की तराजूचं पारडं हललं.

भाजले, टरफलं काढली, दळले.
मग काचेच्या नळकांड्यात स्पिरिट रात्रभर
चढत राहिलं, उतरत राहिलं,
आणि तळाशी उरला तपकिरी चिकटा,
काकवीसारखा, पण तुरट.
मी बोट लावून पाहिलं. हे वहीत नाही.

कोणाला अर्क, कोणाला नुसतं पाणी,
ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं.
चिठ्ठ्या पंख्याने उडाल्या.
एक कच्चा चिंचोका खिशात राहिला होता, उगाच.
फरशीवर घासून अर्धा केला,
लहानपणी पटावर टाकायचो तसा.
पांढरी पडली तर अर्क, काळी पडली तर पाणी.
मॅडम हसल्या, मग म्हणाल्या, चालेल,
पण बारा-बारा झाले पाहिजेत.

चौदा नंबरला काळी पडली.

रोज सकाळी वजन. चारशे अठरा.
चारशे बावीस. चारशे तीस.
अर्कवाले तिसऱ्या आठवड्यात थांबले, मग थोडे उतरले.
चौदा नंबर वाढतच गेला.
काट्यावर ठेवला की ऐसपैस बसायचा,
शेवभाजीच्या दुसऱ्या वाटीनंतर
आमचा मेहुणा बसतो तसा.

मेहुण्याला कुठून कळलं कोण जाणे.
फरसाणचं दुकान त्याचं. डॉक्टरांनी तेल बंद सांगितलंय,
आणि कढई तर पहाटे पाचला चढते.
हाई औषध माले बी दे ना भो, पुडीभर.

मॅडमना विचारलं.
त्या चष्मा पुसत राहिल्या बराच वेळ.
मग म्हणाल्या, भिकनभाऊ, बारा उंदीर, तीसेक ग्रॅम.
इतकंच कळलंय आपल्याला.
माणसाचं यकृत आपण उघडून पाहिलेलं नाही.

उंदरांचं पाहिलं. शेवटच्या दिवशी, चोवीसही जणांचं.
अर्कवाल्यांचं लालसर,
पाणीवाल्यांचं पिवळं, मऊ, जास्त पिकल्या केळ्यासारखं.
चौदा नंबरला पिंजऱ्यातून मीच काढला.
जड होता, ऊबदार.
त्याने शेपटी माझ्या अंगठ्याला गुंडाळली.
अर्क मिळाला असता तरी आजच काढला असता त्याला,
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी दुकानावर गेलो, रिकाम्या हाताने.
मेहुणा चिडला नाही. कागदावर गरम शेव पुढे केली.
चार काड्या खाल्ल्या, कागद परत सरकवला.
खिशात तो अर्धा चिंचोका अजून होता.
गल्ल्याच्या काचेवर टाकला, टक् वाजलं.

काय पडनं, त्याने विचारलं.

माझा तळहात त्याच्यावर होता.
मी उचलला नाही.