एकेचाळीसला अकरा

टायर बसवले त्या दिवशी अख्ख्या अशोक चौकानं पाहिलं.
अठ्ठावीस इंची काढले, एकतीसचे घातले,
जीप दीड इंच वर उचलली गेली
आणि तिच्याबरोबर मीही.
गुरुसिद्ध म्हणाला, का बे मल्लेश, आता शिडी लावून बसणार का?

माझं काम बोअरच्या मोटारी काढायचं.
सीनेकाठची काळी माती चार थेंब पडले की
जुन्या चाकांना अशी लिंपायची
की चाक कुठलं आणि शेत कुठलं कळू नये.
नवे टायर ती माती खातात, दोन वेढ्यांत थुंकून टाकतात.
वडकबाळच्या पुढं, जिथं ट्रॅक्टरवालासुद्धा हात जोडतो,
तिथनं मी पाइप, साखळी, कप्पी घेऊन बाहेर आलो.
एवढं खरं.

मग पंपावर वही उघडली.
लिटरला बारा जायची, आता नऊ.
विजापूर रोडच्या साध्या चढावर
चौथ्यात धाप लागायची तिला,
तिसरा टाक, म्हणायची, तिसरा टाक.
पाचवा गिअर तर शोकेसमधली कपबशी,
आहे, पण कुणी चहा पीत नाही त्यात.

खाजा मिस्त्री म्हणाला, मीटरचं ऐकू नको.
त्याला अजून वाटतंय, चाक अठ्ठावीसच आहे.
रस्त्याकडेचे दगड मोज.
मोजले.
मीटरचे शंभर, दगडांचे एकशे अकरा.
म्हणजे नऊ नाही, दहा.
बरं वाटलं. मग आठवलं,
गिर्‍हाइकांना जाण्यायेण्याचं भाडं
मी मीटरनंच लावत होतो.

नायना चादरीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं जॉबर.
मागांनी त्यांचे कान नेले,
म्हणून सगळा हिशेब कागदावर मांडून दिला.
चष्मा पुसून त्यांनी तो दोनदा वाचला.
"चाक वाढवलंस," ते म्हणाले,
न ऐकणार्‍या माणसाच्या मोठ्या आवाजात,
सगळ्या चाळीला कळेल असं. "आणि दात?"

मग मागावरचं चेंज व्हील सांगितलं.
दात वाढवले की वीण दाट,
कापड हळू उतरतं,
पण उन्हात धरलं तर पलीकडचा माणूस दिसत नाही.
दात कमी केले की वार भराभर,
शेठ खूश,
आणि चादर पहिल्या धुण्यात जाळी.
"माग तोच, मोटर तीच.
वार पाहिजे का वीण, ते दातच ठरवतात."

खाजानं मागचा गोळा उघडला.
तेलात बुडालेलं एकेचाळीसला अकरा निघालं,
पंचेचाळीसला अकरा बसलं.
चार दात. सव्वीस हजार.
माझ्या तोंडातले चार बसवले असते
तरी डॉक्टरनं कमी घेतले असते.

चढावर आता चौथा पुरतो.
मीटरही, कुणी हात न लावता, दगडांशी जुळला,
शंभराला एखादा इकडेतिकडे.
वहीत साडेदहा.
बारा परत आले नाहीत, येणारही नाहीत,
रबराचं वजन वाहावंच लागतं
आणि उंच माणसाला वारा जास्त लागतो.
त्या दीड लिटरमागच्या फरकाला मी आता
वडकबाळचा टोल म्हणतो.

रविवारी नायनांना हत्तूरपर्यंत नेलं.
वर चढायला खरंच स्टूल लागलं.
बसल्यावर त्यांनी गिअरच्या दांड्यावर
माझ्या हाताखाली आपला हात सरकवला,
आणि डोळे मिटले.
मला इंजिन ऐकू येत होतं, त्यांना नाही.
तरी माझ्या आधी तेच म्हणाले,
"चौथा. टाक."