एक ते चार

या गावात दुकानंसुद्धा एक ते चार मिटतात.
आमचंच दुकान तेवढं
दोन वर्षं आठ महिने उघडं.

रात्री अडीचला कूस बदलायची.
साडेपाचला पुन्हा.
सातला लापशी, गुठळी राहिली की ठसका.
वेणी मी मोबाइलवर बघून शिकलो.
कारखान्यात वायरी बांधायचो तशी घालतो, पक्की,
दिवसभर सुटत नाही.

त्यांनी पहिल्यांदा माणूस पाठवला
तेव्हा शशीने भिंतीकडे तोंड केलं.
पुढच्या महिन्यात दुसराच आला.
त्याला औषधांचे डबे समजावण्यात दीड तास गेला,
उरलेला दीड तास
मी जिन्यात बसून आतला कानोसा घेतला.
तिसऱ्याला दारातूनच सांगितलं, राहू दे.

मग पद्मावतीच्या हॉलमध्ये बैठक झाली.
"काय सुधारायला हवं?" बाईंनी वही उघडून विचारलं.
पोराला बिस्किट भरवता भरवता एक जण म्हणाली,
रात्र द्या. एक अख्खी रात्र.
पोराला मिसरूड फुटलं होतं.
कुणी म्हणालं, रविवार द्या, लग्नंकार्यं असतात,
आम्हाला आता कुणी पत्रिकासुद्धा देत नाही.
मी उठलो. म्हणालो, तेच माणूस पाठवा. दर वेळी तेच.
आणि बसलो.
बत्तीस वर्षांत युनियनच्या सभेतही कधी उठलो नव्हतो.

तेव्हापासून दर गुरुवारी हलिमा येते,
कोंढव्याहून, स्कूटीवर.
आल्या आल्या म्हणते, "काळोखे काका, चपला घाला."

पहिल्या गुरुवारी मी मेडिकलमध्ये गेलो,
डायपर घेतले, घरी आलो.
वीस मिनिटं.
तिने दार उघडलंच नाही.
आतून म्हणाली, "चारला या."

दुसऱ्या गुरुवारी बसने कात्रजपर्यंत गेलो,
त्याच बसने परत.
कंडक्टर म्हणाला, "आजोबा, जायचं कुठंय?"
खिशातला फोन तीनदा काढून पाहिला.
आपल्याला कुणी बोलावत नाही
याचंही वाईट वाटतं,
हे बैठकीत कसं सांगणार.

तिसऱ्या गुरुवारी सलून.
गालाला साबण लागला, इतकंच आठवतं.
जाग आली तेव्हा फेस वाळून कडक झालेला,
पंखा माझ्याकडे वळवलेला,
बाकावर दोन गिऱ्हाइकं मुकाट पेपर वाचत,
भिंतीवर पावणेचार.
गोरखने ब्रश पुन्हा भिजवला.
"उठवलं नाही," तो म्हणाला,
"दाढी काय, उद्यापण येते."

घरी आलो
तर टीव्हीवर कुस्ती,
शशीच्या हनुवटीवर श्रीखंड,
आणि दोघी कुणा पैलवानाला शिव्या घालताहेत,
म्हणजे हलिमा घालतेय
आणि शशी डाव्या हाताने गादीवर थापा मारतेय.
चौतीस वर्षांच्या संसारात
तिला कुस्ती आवडते हे मला ठाऊक नव्हतं.

वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. ढगळ.
चार केस इकडे, चार तिकडे.
रात्री मी ती सोडून
माझी घालायला बसलो.
शशीने डावा हात मागे नेला,
माझी बोटं धरून ठेवली.

तिच्याकडे आता अकरा शब्द आहेत.
पाणी, नको, लाइट, आणि असे.
बारावा तेव्हा आला, जरा वेळ घेऊन:
"सैल."

मी कंगवा खाली ठेवला.
इतके दिवस मी ती रजा
माझ्या खात्यावर मांडत होतो.

अडीचला कूस बदलली. ती जागीच होती.
म्हटलं, आता गुरुवारला किती दिवस?
तिने डाव्या हाताची पाच बोटं उघडली,
थांबली,
आणि सहावं
माझं धरलं.