चौदावं रीळ

इस्राईलभाई आता ऐंशीचे, एकाच डोळ्यानं बघतात.
नातवानं लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, अन् सटकला.
मे महिना. मोमिनपुऱ्यात दुपारी तीनला
कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

पिक्चर तोच. सिनेमा काढता काढता
बायकोचे पाटल्या-गोठ विकणाऱ्या माणसाचा सिनेमा.
मुंबईत चार दिवस चालला, पुण्यात लागलाच नाही,
आणि इतवारीच्या आमच्या हेमंत टॉकीजला
मॅटिनीला सतरा आठवडे,
पंख्याखालच्या त्याच अकरा खुर्च्यांवर
त्याच अकरा जणांसाठी.
पराते तर हिरोच्या आधी डायलॉग बोलायचा.
वितरक तिजोरी उघडतो तिथं आम्ही चिल्लर फेकायचो,
आणि मध्यंतरात तीच वेचून चहा प्यायचो.

स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून डबे मी आणले होते, सायकलवर.
गांधीबागेच्या वळणावर गाय आडवी आली,
दोन डबे उघडले, रिळं धुळीत.
पुसली, भरली. जशी हाती आली तशी.
कुणाला सांगितलं नाही.

म्हणून नागपुरात निर्माता आधी मरायचा,
रिकाम्या स्टुडिओत, लाकडी खोट्या जिन्यावर, उसन्या कोटात.
‘समाप्त’ची पाटी यायची.
कुणी उठायचं नाही.
मग पडदा पुन्हा उजळायचा,
तोच माणूस, तोच कोट, तोच जिना उतरत
‘लाइट!’ म्हणून ओरडायचा.
काय शिट्ट्या, राजेहो!
आम्हाला वाटायचं, डायरेक्टरनं काय डोकं लावलं.

आज टीव्हीवर सगळं ओळीनं आलं.
आधी ओरडला, मग जिना चढला,
मग बसला, मग मान कलंडली.
नावं वर सरकत गेली.
धकाते म्हणाला, ‘एवढंच होतं का बे?’
पराते काहीच बोलला नाही. कूलर तेवढा घरघरत होता.

मी म्हटलं, ‘भाई, तेव्हा ते डबे…’
‘माहीत आहे,’ ते म्हणाले,
‘रिळावरचा आकडा पहिल्याच दिवशी दिसला.
दुसऱ्या दिवशी नीट लावणार होतो.
पण तू पाहिलं नाही, पब्लिक कसं बसून राहिलं होतं.’

मग चष्मा पुसत, जरा चिडूनच,
‘बघत काय बसला? चौदावं चढव.’

मला ते यंत्र कळत नाही.
बोटानं ती लाल रेघ मागं ओढली,
जास्त गेली, पुढं आणली,
परत जास्त गेली.