सतरा नंबरचा पाना

हेडाऊच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी आहे,
डावा मागच्याच वर्षी साखरेनं नेला,
म्हणून आज गाडीखाली मी
आणि तो बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
कान इंजिनाकडे करून.

सक्करदऱ्याच्या गल्लीत सकाळचे साडेसात.
मे महिन्याला एवढ्यातच घाम फुटलाय.

"पाच मिनिट चालू ठेवली का?"
हाव.
"मंग बंद कर. थंडं तेल
गाळ तळालेच ठेवते, अन् आपण समजतो निंघालं.
विटा लावल्या का लाकडं?"
लाकडं.
"बरं केलं. वीट सांगून फुटत नाई."

दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली इंडिका,
मागची सीट काढून टाकलेली,
रोज छप्पन्न डबे मेडिकलच्या होस्टेलात.
डिझेलच्या वासाला हिच्यात
कायमची फोडणी बसली आहे.

नट हलत नाही.
उताणं पडलं की डावं-उजवं विसरतं,
मी आवळतेय की सोडतेय तेच कळेना.
"नळ आठव," तो म्हणतो,
"घरचा नळ. खालून पाह्यला तरी नळच राह्यते."
मग पान्याला पाइपचा तुकडा जोडते,
एक शिवी देते, ती त्याला ऐकू जाते,
आणि नट सुटतो.

आधी मनगटावर, मग घमेल्यात,
कढत, जाड, सलग.
इतकं काळं की त्यात
गाडीचं पोट दिसलं आणि माझं नाक.

"आण इकडं बोट."
त्यानं माझ्या बोटावरचा थेंब आपल्या चिमटीत घेतला,
मी पाकाची तार पाहते तसा
दोन बोटांत ताणला, चोळला, हुंगला.
कूलरचं पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज.
"डिझेल नाई उतरलं. चुरा नाई लागत.
अजून चालन."
बनियनला बोटं पुसली.
त्या बनियनवर पुसायला जागा
फार वर्षांपूर्वीच संपली असेल.

तांब्याचा नवा वॉशर.
नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट.
"हातानं बसव. टेकला का वरून पाऊण आटा.
पान्यानं आवळशीन
तर पुढच्या वेळी मले रडत बोलावशीन."

मग वरून कॅन उपडा केला.
जवसाच्या ताज्या तेलासारखं, पिवळंधमक,
भोकातून आत जाताना
दोन थेंब झाकणाच्या काठावर सांडले.
किल्ली फिरवली. तांबडा दिवा.
एक. दोन. तीन.
विझला.
खुर्चीतून त्यानं विचारलं नाही,
आवाजावरून त्याला कळलं होतं.

जुनं तेल भुरे सुताराने नेलं, पलंगाच्या पायांना,
उधईसाठी.

तिसऱ्या दिवशी मी काडी काढून पाहिली:
काळं.
एकोणीसशे रुपये, आणि तिसऱ्या दिवशी काळं!
फोन लावला. फोनवर मी जरा जास्तच बोलले.
त्यानं सगळं ऐकून घेतलं.
"काळं झालं ना? मंग काम करून राह्यलं.
इंजिनातली काजळी पोटात घेऊन फिरते ते.
पिवळं राह्यलं असतं तर मले भेव वाटलं असतं."
आणि थोडं थांबून,
"पट्टी उद्या निंघते."

परवा आला, काळा चष्मा लावून, पोराच्या स्कूटरवर.
बॉनेट उघडायला लावलं,
चष्मा कपाळावर सरकवला,
काडी उन्हात धरली.
बराच वेळ धरली.
मी विचारलं, दिसतंय का?

"काळं दिसते," तो म्हणाला.
मग खाली वाकून,
"अन् झाकणावर तुह्या बोटाचा ठसा दिसते."
काडी आत सारली, बॉनेट दाणकन पाडलं.
"निघ आता.
पोट्टे उपाशी असन."