हलकी

रणधीर म्हणाला, काका, हिच्यात संत्र्याची साल आहे,
हिच्यात कॉफी, हिच्यात कूर्गची मिरी,
प्रत्येकीची एक गोष्ट असते.
ताराराणी चौकात, वरच्या मजल्यावर,
फळीवर सहा पेले मांडले होते
खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढे.
मी सहाही गोष्टी ऐकल्या.
मग वेटरला हळूच विचारलं,
ती साधी अमेरिकन हाय का रे, डब्यातली?
त्यानं असं बघितलं
जसं मी लग्नाच्या पंगतीत पिठलं मागितलं.

हलक्यातली आहे ती काका.
व्हय. हलकीच.

अठ्ठ्याण्णव साली शिरोलीतनं
बाराशे झाकणं गेली होती ओहायोला,
गटारीवरची, बिडाची.
चारशे परत पाठवतो म्हणाले, अंगात हवा राहिलीय.
मालकांनी मला धाडलं.
इंग्रजी येत नव्हतं, बीड येत होतं.
सहा आठवडे हातोडी घेऊन
एकेक झाकण वाजवत बसलो.
चांगलं असलं की घुमतं,
पोकळ असलं की खोकतं.
शेजारी वॉल्ट. त्याच्या मनगटावरचे भाजल्याचे डाग
माझ्या डागांच्याच जागी.
पहिल्या शनिवारी त्यानं गॅरेजचं शटर वर केलं,
जुन्या फ्रीजमधनं एक डबा माझ्याकडं फेकला.

पहिल्या घोटाला वाटलं, फसवलं.
ज्वारी धुतलेलं पाणी,
आणि लांबनं कुणीतरी बिअरचं नाव घेतलेलं.

तिसऱ्या शनिवारी कळलं.
दिवसभर भट्टीसमोर उभ्या माणसाला
जिभेवर आणखी कुणी बोलायला नको असतं.
गार पाहिजे. बक्कळ पाहिजे.
पगाराच्या आदल्या दिवशीसुद्धा
खिशाची परवानगी लागू नये,
आणि सकाळच्या पाळीला हात थरथरू नये.
ती काही सांगत नाही.
आम्हीपण काही सांगत नव्हतो.
वॉल्टची बायको आता नाही, हे मला
त्याच्या बोटावरच्या पांढऱ्या वळ्यावरनं समजलं.

आणि कोल्हापुरात तर तिला कामच काम.
तांबडा रस्सा एकदा बोलायला लागला
की मध्ये तोंड घालायची सोय नसते.
तिथं संत्र्याची साल काय करणार?
शेजारी फक्त हूं म्हणणारं कुणीतरी लागतं.
आमचा जिनपाल चौगुले, कांद्यालाही न शिवणारा,
कावळा नाक्याच्या परमिट रूममध्ये
नुसता सोडा घेऊन
तीन-तीन तास बसायचा समोर,
तसं.
दोन वर्षं झाली.
तिथला पोऱ्या अजून सोडा आणून ठेवतो,
मी अजून पैसे देतो.

स्वस्त म्हणावं, तर इथं तीही उरली नाही.
तिकडची मजुराची पोर
इकडं मेनूवर इंग्रजीत नटून बसलीय.
परवा चष्मा लावून डब्याचं बूड वाचलं,
कारखाना आपल्याच राज्यातला.
हसायला आलं.
माझी झाकणं तिकडच्या रस्त्यात इथलं नाव घेऊन पडलीत,
ही इथल्या पाण्यावर तिकडचं नाव लावून आलीय.
हिशेब कुणाचाच चुकलेला नाही.

रणधीरनं शेवटी एक घोट घेतला.
काका, हिला चवच नाही हो.
त्याच्या कंपनीत म्हणे खुर्च्या फिरतात,
भिंतीवर झाडं लावलीत,
तरी डोळ्यांखाली काळं झालंय पोराच्या.
आणखी एक घे, म्हटलं. मग बोलू. नाहीतर नको बोलूया.

खाली चौकात सिग्नल सुटला.
मी सवयीनं डब्यावर नख वाजवलं,
कान लावून.
अजून निम्मा होता.