पाठ

बेचाळीस किलोचं प्रेम
फाटकाची कडी वाजली की अंगावर येतं.
दोन पंजे खांद्यावर, मग बाही दातात,
मग बाहीच्या आतला मी.
मनगटावर चार निळे ठिपके;
ऑफिसात विचारलं तर कूलरच्या पत्र्याचं नाव सांगतो.

जनावरांच्या दवाखान्यातल्या उईके बाई म्हणाल्या,
'हात झटकू नका, ओरडू नका जी,
त्याले तो खेळच वाटते.
पाठ करा. झाड होऊन जा.
चारही पाय खाली आले, मंगच वळा.'

मे महिना. त्रिमूर्ती नगर.
सातला सडा टाकला तरी फरशी निवत नाही,
आणि मी हाताची घडी घालून
पेरूशेजारी दुसरं झाड.
मागून भोपळ्या धडका देतो,
खिसा उसवतो, भुंकतो,
गोंधळतो.

पाठ फिरवणं आमच्या घराण्यात नवं नाही.
बाबांनी नरहरकाकाकडे फिरवली ती अकरा वर्षं,
एका भिंतीच्या दोन बाजूंना,
पाण्याची टाकी मात्र एकच.
वळायचंही असतं
हे सांगणारं कोणी भेटलं नसावं.

सात, आठ,
नऊवर नखांचा आवाज थांबतो.
वळतो.
चार पाय फरशीवर,
शेपटीनं पाण्याचा डबा आडवा.
'शाबास रे,' अगदी हळू.
फार कौतुक नको, हेही बाईंनीच सांगितलेलं.

तो एवढा खूश होतो
की पुन्हा उडी मारतो.

मी पुन्हा पेरूकडे तोंड करतो.
एक.