उलटी अक्षरं

धडगावात, झेरॉक्सच्या दुकानामागं
रेहंज्या पावरा फळीवर करार कोरतो.
अक्षरं उलटी.
छापली की सुलटी होतात, म्हणतो,
पणज्याला सुलटंच वाचून दाखवलेलं,
कागदावर उतरलं उलटं.

शाई फिरवतो. चमच्याच्या पाठीनं घासतो.
कागद म्हणजे
नामंजूर वनदाव्यांच्या कोऱ्या पाठी.
डोंगर उमटतो, नदीचं वळण, मोहाची तीन झाडं,
अंगठ्याच्या जागी पांढरा गोल.
तेवढं लाकूड त्यानं खणून काढलंय.

परवा गार्ड आला.
चित्रांकडं बघितलंसुद्धा नाही.
फळी उचलली, हुंगली.
"साग कुठला?"

रेहंज्यानं ओला कागद पालथा केला.
"कक्ष क्रमांक लिहिलाय, साहेब.
खाली शिक्का तुमचाच.
तोही कुणीतरी
उलटाच कोरला असेल."